मयतीचं पाणी

आता जे लिहितो आहे ते आमच्या घरातल्या एकाही माणसाला मी आजवर सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच. एक जिवंत माणूस मेला असं मी सांगितलं होतं, आणि ज्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यालाच चारचौघांत खोटं पाडलं होतं. तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीचे चावीवाले.

चावीवाले पाणी कानाने पाहायचे. शहरातल्या सदर भागाच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. तिच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण होतं आणि त्याखाली नळाच्या लाइनीचा व्हॉल्व. रोज सकाळी साडेपाचला छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते यायचे. झाकण उचलायचे, चावी आत बसवायचे, ओठांतल्या ओठांत मोजत बावीस फेरे फिरवायचे. मग चावीच्या दांड्याला कान लावून, डोळे मिटून उभे राहायचे. आम्हाला काही म्हणता काही ऐकू येत नसे. त्यांचा चेहरा मात्र हळूहळू उजळायचा आणि ते गल्लीकडे तोंड करून ओरडायचे, "येऊन राहिलं वं माय! लावा बादल्या!" त्यानंतर चार-पाच मिनिटांनी आमचे नळ खोकायला लागत.

त्या कानाला काहीही कळायचं. कोणाकडे नळ उघडा राहून मोरी वाहते आहे, कोणी नळीला नळी जोडून पाणी ओढतो आहे, सगळं. एकदा आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी बागेत पाइप सोडला होता. चावीवाले फाटकाबाहेरूनच म्हणाले, "साहेब, गुलाब मोठे तहानले दिसते तुमचे. नाल्यापलीकडची पोट्टीबी तहानली आहेत." वकीलसाहेबांनी पाइप बंद केला, पण 'याची जीभ फार चालते' असं ते पुढे आठवडाभर सांगत होते.

नाल्यापलीकडे एक वस्ती होती. दीक्षा घेतलेल्या बौद्धांची घरं. चावीवाले तिथेच राहत. आमची लाइन तीच पुढे तिकडे जायची, म्हणजे टाकीतलं पाणी आधी आमचं आणि उरलेलं त्यांचं. त्यांची पाळी अकरा वाजताची. चावीवाल्यांचा नेम असा की वस्तीची चावी उघडली की ते अगदी शेवटच्या नळापर्यंत चालत जायचे, तिथे धार पडताना पाहायचे आणि मगच घरी जेवायला जायचे. "चावी फिरवली म्हणजे पाणी पोचलं असं नाही," ते म्हणायचे. "टोकाले गेलं का, थे पाहा लागते." कोणी जास्त पाण्यासाठी लाडीगोडी लावली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "पाण्याले मालक नसते बापू, पाळी असते."

ही पाळी ते फक्त एका कारणासाठी मोडत. गल्लीत कोणी वारलं की घरातल्या एखाद्याने कोपऱ्यावर जाऊन एवढंच सांगायचं, "चावीवाले, मयत आहे." वेळ कुठलीही असो, ते उठत आणि अर्धा तास पाणी सोडत. प्रेताला आंघोळ, घर धुणं, स्मशानातून परतलेल्यांच्या आंघोळी, एवढं पाणी कोणाच्या घरी साठवलेलं असणार? नळाच्या ऑफिसचा असा काही नियम नव्हता. नियम त्यांचा होता. कोण गेलं हे ते एकदा विचारत, दुसऱ्यांदा नाही. कमी पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी प्रत्येक गल्लीतून दोन-दोन मिनिटं कापून भरून काढत. माझे वडील एकदा त्यांना म्हणाले, "तुझ्या नोकरीवर येईल एखादवेळी." त्यावर ते म्हणाले, "जित्या माणसाले सबुरी सांगता येते जी. मेलेल्याले कोण सांगन?"

वडिलांनी त्यांना 'तुझ्या' म्हटलं, हे मी मुद्दाम तसंच लिहिलं आहे. वडिलांपेक्षा ते चार वर्षांनी मोठे होते, आणि गल्लीतली शाळकरी मुलंसुद्धा त्यांना एकेरीत हाक मारायची. मीही मारायचो. 'ते' आणि 'त्यांना' मी फार उशिरा शिकलो. आणखी एक लिहून टाकतो. त्यांनी सोडलेलं पाणी आम्ही सगळे प्यायचो, पण त्यांना कोणी आपल्या घरात पाणी प्यायला बोलावलेलं मी पाहिलं नाही. वैशाखात फारच झालं तर फाटकाबाहेर त्यांच्या ओंजळीत वरून तांब्या ओतला जाई. आमच्या उंबऱ्याच्या आत काय चाललं आहे हे त्यांना कधी दिसणारच नव्हतं. माझं खोटं त्यामुळेच खपलं.

तो दिवस ताईच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा. मी तेवीस वर्षांचा होतो, कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. अमरावतीहून मुलाकडचे लोक यायचे होते. पंचवीस म्हणाले होते आणि सकाळी निरोप आला की साठ येताहेत. दहा वाजता आमच्या घरातलं पाणी संपलं. भाताची पातेली चुलीवर, भांडी तशीच पडलेली, आणि आई नुसती गरगर फिरत होती. "जा गा, कुठूनही आण," ती मला म्हणाली, "ताईची इज्जत आहे आज."

मी कोपऱ्यावर गेलो. चावीवाले नाल्याकडे निघायच्या तयारीत कडुनिंबाखाली बसले होते. साक्षगंध आहे म्हटलं असतं तर ते हसून म्हणाले असते, साक्षगंध म्हणजे मयत थोडीच आहे. हे मला जाताजाताच कळलं होतं. म्हणून मी म्हटलं, "चावीवाले, मयत आहे."

"कोण गेलं?"

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, दोन वर्षांपासून अर्धांगाने खाटेवर होते. मी म्हटलं, "मोठेबाबा."

ते ताडकन उठले. डोक्यावरची टोपी काढली. माझ्या चेहऱ्यावर घाम होता, त्यांना ते रडणं वाटलं असणार. "रडू नोको बापू," म्हणाले, "सुटले बिचारे." आणि बावीस फेरे फिरवले.

अर्ध्या तासाने ते बंद करायला आले तेव्हा मी पुन्हा गेलो. म्हटलं, बाहेरगावचे लोक अजून यायचे आहेत, आंघोळ थांबली आहे, थोडं राहू द्या. नेमके तेव्हाच अमरावतीकर रिक्षांतून उतरत होते. चावीवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यावरूनच हात जोडले. "राहू दे," ते मला म्हणाले, "मोठा माणूस होता." पंगतीत ताईचे होणारे सासरे माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या गल्लीत अदब फार आहे बुवा. कोपऱ्यावर एक जण टोपी काढून, हात जोडून उभा होता." वडील सुखावले. मी वाढत होतो.

अकराला वस्तीची चावी फिरली तेव्हा टाकीचा तळ दिसत होता. शेवटच्या नळापर्यंत धार गेलीच नाही. आणि त्याच दिवशी, त्या उन्हात, वस्तीत एक म्हातारी खरोखरच वारली. जनार्दन नावाच्या सुतारकाम करणाऱ्याची आई. तिच्या आंघोळीला पाणी नव्हतं. बायका दूरच्या विहिरीवरून घागरी आणायला गेल्या आणि तोवर मयत दोन वाजेपर्यंत अंगणात पडून राहिलं. दुसऱ्याच्या प्रत्येक मयताला पाणी देणाऱ्या माणसाला आपल्याच वस्तीतल्या मयताला तांब्याभर देता आलं नाही. वस्तीला कळलं की गल्लीत त्या वेळी जेवणावळ चालू होती. त्यांनी अर्ज केला: चावीवाल्याने आपल्याच लोकांचं पाणी साक्षगंधाला विकलं.

तिसऱ्या दिवशी नळाच्या ऑफिसचे इन्स्पेक्टर चावीवाल्यांना घेऊन आमच्याकडे आले. सोबत वस्तीतले पाच-सहा जण, त्यात तो जनार्दन, डोकं नुकतंच भादरलेलं. गल्ली गोळा झाली. इन्स्पेक्टर म्हणाले, "हा म्हणतो तुमच्याकडे मयत होती. कोण गेलं?" वडिलांनी मागे हात करून दाराआडची खाट दाखवली. "हे पाहा, गेलेले माणूस पोहे खाऊन राहिले." सगळे हसले. मोठेबाबासुद्धा हसले, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं.

चावीवाले हसले नाहीत. माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाले, "बापूनं सांगितलं. दोनदा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न नव्हता, उत्तर होतं. मी म्हटलं, "मी तर यांना त्या दिवशी भेटलोच नाही."

चावीवाले थोडा वेळ मान एका अंगाला कलवून उभे राहिले, दांड्याला कान लावताना कलवायचे तशी. मग म्हणाले, "आवाज तं तुहाच होता बापू." बस, एवढंच. इन्स्पेक्टरांनी कागद पुढे केला, मी सही केली. त्या कागदावर मी पहिल्यांदा त्यांचं नाव वाचलं. लहानू. मागे-पुढे आणखी नावं होती, ती मी वाचली नाहीत.

त्यांची चावी काढून घेतली गेली. नोकरी गेली त्याचं वस्तीला फारसं वाटलं नाही. वस्तीने त्यांना अंगणातून उठवलं, वाळीतच टाकलं. पाणपोईवर, विहारात, कोणाच्या सुखदुःखात, कुठेही त्यांना कोणी हाक मारेना. वर्षभरात ते बायकोला घेऊन शहराबाहेर वाडी नावाच्या गावी गेले आणि ट्रकवाल्यांच्या एका गोदामावर चौकीदार झाले.

आमच्याकडे मात्र त्या प्रकाराची एक मजेदार गोष्ट झाली. चावीवाल्याने मोठेबाबांना कसं मारलं, ही. ताईच्या लग्नात सांगितली गेली, बारशांना सांगितली गेली. ताईचे सासरे कोपऱ्यावर हात जोडून उभं राहायची नक्कल करायचे. मी प्रत्येक वेळी हसलो आहे. आईने मला त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, ते मीही कधी विचारलं नाही.

सहा वर्षांनी मोठेबाबा खरोखर गेले. दुपारची वेळ होती आणि घरात पाणी नव्हतं. मी कोपऱ्यावर गेलो. नवा चावीवाला तिथेच त्या कडुनिंबाखाली बिडी ओढत बसला होता. मी म्हटलं, "मयत आहे."

"कोण गेलं?"

"मोठेबाबा."

तो बिडी न विझवता म्हणाला, "थे तं पहिलेबी एकदा गेले होते ना?" मग जरा नरम होऊन म्हणाला, "साहेबाचा हुकूम आहे जी. मयतीच्या नावानं चावी फिरवायची नाही. त्या लहानूच्या भानगडीपासून बंदच आहे हे."

मी एका माणसाला फसवलं एवढाच माझा हिशेब होता. सहा वर्षांत त्या लाइनीवरची किती मयतं कोरडी गेली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

तेरवी झाल्यावर मी वाडीला गेलो. गोदामासमोर ट्रक लागले होते, चावीवाले एका पोत्यावर बसले होते. केस पिकले होते, बाकी तेच. मी आवाज दिला तर मागे न वळताच म्हणाले, "ये बापू. मोठेबाबा कसे आहेत?" टोमणा होता की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. मी सगळं बोललो. घरून पाठ करून आणलं होतं, तरी अडखळलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मले काहून सांगून राहिला? मले तं मालूमच आहे. ज्याईले मालूम नाही, त्याईले सांग."

आतून त्यांची बायको म्हणाली, "जाऊ द्या ना जी, पोरगा एवढ्या दूरून आला."

"म्हणूनच तं म्हणतो," ते म्हणाले. "वाडीले आला. नाला त्याच्या घरापासून किती जवळ आहे."

मी नाला ओलांडला नाही. त्याऐवजी ऑफिसला पत्र लिहिलं. तेव्हा मी स्वतः एका सरकारी कचेरीत होतो, पत्र चांगलं लिहिता येत होतं. उत्तर आलं नाही. माझ्या पत्राची नक्कल घेऊन मी पुन्हा वाडीला गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच गेलो होतो. चावीवाल्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. "ऑफिसले थोडीच पाणी कमी पडलं होतं बापू?"

त्यानंतर चौदा वर्षं मी वाडीला गेलो नाही. त्यांना दुसऱ्यांदा सोडलं ते असं. पहिल्या वेळी भीती होती. या वेळी तीही नव्हती, फक्त सोय होती.

मग एका लग्नात ती गोष्ट पुन्हा निघाली. सगळे हसले, आणि माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मग त्या चावीवाल्याचं काय झालं?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मला माहीत होतं. मी म्हटलं, "कोणास ठाऊक."

पुढच्या रविवारी मी नाला ओलांडला. विहारासमोरच्या पटांगणात सकाळी वस्तीतले लोक जमले होते. जनार्दन आता पंचांपैकी एक होता. मी उभ्याने सांगितलं. ऑफिसच्या भाषेत नाही सांगितलं. मी खोटं बोललो, दोनदा बोललो, लहानूकाकांनी पाणी विकलं नाही, त्यांना मयत आहे असं मी सांगितलं होतं. मग जनार्दनची बायको म्हणाली, "आमच्या सासूचं मयत तीन घंटे उन्हात होतं. लहानूमामा पाणी घेऊन आले होते विहिरीवरून, खांद्यावर घागर घेऊन. आम्ही थे पाणी सांडून दिलं त्याईच्या समोर." तिचा आवाज चढला. "थे पाप आमच्या हातून काहून करवून घेतलं तुम्ही?"

मी निघालो तेव्हा जनार्दनने मला थांबवलं. "ऊन आहे. पाणी पिऊन जा." त्याने घरात नेलं, खुर्ची दिली, पेला हातात दिला. तो म्हणाला, "माफ केलं असं समजू नोका. पाणी आहे, म्हणून देतो."

त्याच संध्याकाळी जनार्दन रिक्षा घेऊन वाडीला गेला. चावीवाले आले नाहीत. पुन्हा गेला, बायकोला घेऊन. तिसऱ्या वेळी चावीवाले आले आणि उरलेले आठ महिने वस्तीतच राहिले. विहाराच्या ओट्यावर बसत. पोरं त्यांना काठीला कान लावून पाणी ओळखायला लावत, आणि ते अजूनही ओळखत. मी भेटायला गेलो तेव्हा बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी विचारलं, "आता तरी झालं का चावीवाले?"

त्यांनी काठीचं टोक माझ्या छातीला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. पोरं खिदळली. "येऊन राहिलं," म्हणाले. "पण टोकाले गेलं नाही अजून. थे पाहजो."

गेल्या चैत्रात ते गेले. जनार्दनचा निरोप सकाळी दहाला आला. चावीवर जाण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरी आता गच्चीवर टाकी आहे. मी दोन ड्रम भरले आणि हातगाडीवर चढवायला लागलो. आई पडवीत बसली होती, तिला आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत.

"एवढं पाणी कुठे चाललं गा?"

"मयत आहे, आई."

"कोण गेलं?"

तोच प्रश्न, आणि या वेळी मला खरं नाव माहीत होतं. मी म्हटलं, "ओळखीतलं आहे एक."

गाडी मी स्वतः ढकलत नेली. त्या पाण्याने त्यांना आंघोळ घातली गेली. जनार्दनच्या बायकोने ते सांडून दिलं नाही. परत येताना हलकं वाटायला हवं होतं. ड्रम रिकामे होते, गाडी हलकी होती, तेवढंच.

या वैशाखात ताईच्या मुलीचं साक्षगंध आहे, आमच्याच घरी. अमरावतीकर येतील, आई असेल, माझी मुलगी असेल. जेवणं झाल्यावर कोणीतरी ती मोठेबाबांची गोष्ट काढेल आणि सगळे माझ्याकडे पाहून हसायला लागतील. तेव्हा मला उभं राहून सांगायचं आहे की त्यांचं नाव लहानू होतं, ते खोटं बोलले नव्हते, मी बोललो होतो. हे माझ्याकडून अजून देणं आहे.